सांगलीवाडीच्या काठावरून सांगलीचा सूर्योदय : एका हिवाळ्याच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

आमचं घर सांगलीच्या गावभागात. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं, तेव्हा आमच्या माजघरात ते छातीला लागत होतं. तेव्हापासून सांगलीचा फोटो म्हणून कुणी काही दाखवलं की त्यात पूरच असतो. बुडालेले चौक, पुलाच्या कमानींना भिडलेली कृष्णा, बोटीतून निघालेली माणसं. ते फोटो खरे आहेत, त्यातले काही मीही काढलेत. पण वर्षातले बहुतेक दिवस हे गाव नदीकाठी रोजच्यासारखं जागं होतं आणि त्याचा एकही धड फोटो माझ्याकडे नाही. तो काढायचा, एवढंच काम. दुसऱ्या कुणाला असंच काही करायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून नोंदी ठेवतेय.

सांगली कृष्णेच्या पूर्वेच्या काठावर. त्यामुळे गावावर उगवणारा सूर्य पाहिजे असेल तर पूल ओलांडून पलीकडे सांगलीवाडीला जायचं आणि गावाकडे तोंड करून उभं राहायचं. आज पहाटे साडेपाचला भाच्याला उठवून स्कूटरवरून गेले. पुलाच्या वरच्या अंगाला, शेताच्या बांधावरून खाली उतरायला वाट आहे. समोर घाट, देवळाचं शिखर, मागं घरांची रांग, पाण्याची टाकी.

निकाल शून्य. लेन्स कॅमेऱ्याबरोबर आलेली, १८-५५ मिलिमीटरची. सगळं गाव यावं म्हणून १८ वर ठेवली आणि सूर्य आला तो टाचणीच्या डोक्याएवढा. घरी येऊन हिशोब केला. लेन्सची फोकल लांबी मिलिमीटरमध्ये घ्यायची आणि साधारण ११० नं भागायचं, तेवढे मिलिमीटर सूर्य सेन्सरवर पडतो. १८ ला तो एक मिलिमीटरचा सहावा भागसुद्धा नाही. माझा सेन्सर साडेतेवीस मिलिमीटर रुंद आहे. मग दिसणार काय?

दुसरी चूक फोकसची. अंधारात ऑटोफोकस नुसता पुढंमागं फिरत राहिला आणि पहिली वीस मिनिटं, म्हणजे आकाश निळं असतं आणि घाटावरचे दिवे लागलेले असतात ती खरी वेळ, हातातून गेली. यापुढे घाटावरच्या एका दिव्यावर फोकस करायचा, लगेच मॅन्युअलवर टाकायचा आणि रिंगला चिकटपट्टी लावायची.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आज पुलावरून प्रयत्न केला. आयर्विन पूल १९२९ चा, दगडी. त्यावरून दोन्ही काठ दिसतात म्हणून मोह झाला. ट्रायपॉड लावून आठ सेकंदांचे फोटो घेतले. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सुरेख दिसले. घरी मोठे करून बघितले तर प्रत्येक दिव्याला जुळा भाऊ. टेंपो गेला की पुलाला बारीक हादरा बसतो, पायाला कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतो. चौदा फोटोंत एक ठीक. पुलावरून फोटो काढायचाच असेल तर दोन गाड्यांच्या मधल्या शांततेत आणि एक सेकंदाच्या आत. मी पूल सोडून दिला. शिवाय पुलावरून घेतलं तर पूलच फोटोत येत नाही.

ट्रायपॉड साडेअकराशेचा, ऑनलाइन मागवलेला. त्याची वरची प्लेट आज तडकली. नवीन घ्यावा लागणार.

१७ नोव्हेंबर, रविवार

कोल्हापुरातून जुनी ७०-३०० लेन्स आणली, ८,५०० रुपये. दुकानात ट्यूबलाइटखाली तपासली, रस्त्यावरच्या गाड्यांचे चार फोटो काढले, साफ आले. नवा ट्रायपॉड २,८००.

दोन दिवस मोबाईलवर सूर्याचं ॲप घेऊन काठावर चालत होते. ठरवलं ते असं: घाटावरच्या देवळाचा कळस आणि त्याच्या मागून वर येणारं सूर्याचं बिंब. माझ्या जागेपासून ते देऊळ नकाशावर चारशे मीटर भरतं. हे अंतर महत्त्वाचं आहे. चारशे मीटरवरून चार मीटर रुंदीची वस्तू जवळपास सूर्याएवढी दिसते. देवळाच्या जवळ गेलं तर शिखर मोठं होतं आणि सूर्य तेवढाच राहतो. सूर्य मोठा हवा असेल तर पुढं जायचं नाही, मागं सरायचं आणि लांबची लेन्स लावायची.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेच्या मतदानाची सुट्टी. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशोब लिहिते, त्यामुळे कामाच्या दिवशी मला साडेआठपर्यंत घरी परतायलाच लागतं. आज तसं काही नव्हतं. आकाश स्वच्छ, वारा नाही, मोबाईल १३ अंश दाखवत होता. पाण्यावर गुडघाभर उंचीचं धुकं होतं आणि त्यातून एक होडी पुलाकडं सरकत होती. सगळं जमून आलेलं.

आणि मी चुकीच्या जागी उभी होते.

ॲपनं सांगितलं होतं, सूर्योदय ६.३९, दिशा अमुक अंश. मी त्या दिशेच्या रेषेवर कळस आणि कॅमेरा जुळवला, दगडावर दगड ठेवून जागा पक्की केली. ६.३९ झाले, काही नाही. ६.४५, घरांच्या मागं आकाश केशरी. ६.५४ ला बिंबाची कड दिसली आणि ती कळसाच्या उजवीकडं, मध्ये दोन सूर्य मावतील एवढी लांब.

कारण घरी बसून काढलं. ॲपची वेळ आणि दिशा ही सपाट क्षितिजाची असते, समुद्रावर असते तशी. माझं क्षितिज म्हणजे घाट, घरं आणि शिखर, ते माझ्या डोळ्यापासून साधारण तीन अंश वर आहे. तेवढं चढायला सूर्याला इथं पंधरा मिनिटं लागतात. आणि आपल्याकडं सूर्य सरळ उभा चढत नाही, उजवीकडं कलत चढतो. त्या पंधरा मिनिटांत तो एक अंशभर दक्षिणेला सरकतो. चारशे मीटरवर एक अंश म्हणजे सात-साडेसात मीटर. म्हणजे मला तेवढंच डावीकडं, नदीच्या वरच्या अंगाला उभं राहायला हवं होतं.

तेव्हा एवढं कळलं नव्हतं, पण डावीकडं सरकायचं हे दिसत होतं. ट्रायपॉड उचलून धावले. सात मीटरवर वेडी बाभूळ. भाच्यानं हातानं फांद्या धरल्या, त्याचं मनगट ओरबाडलं, मी पाय उघडून कॅमेरा बसवला, पातळी बघितली, तोवर सूर्य कळसाच्या वर निघून गेला. बिंबाला स्वतःच्या उंचीएवढं चढायला दोन-अडीच मिनिटं लागतात. त्यात जागा बदलता येत नाही. जागा आधीच बरोबर हवी.

भाचा म्हणाला, "मावशी, होडीचा तरी आला ना?" होडीचा आला होता, पण त्यावर दुधाची साय धरल्यासारखं पांढरट आवरण. आधी धुकं वाटलं. सूर्य ज्या-ज्या फोटोत होता त्या सगळ्यांत ते होतं, बाकीच्यांत नव्हतं. लेन्स टॉर्चसमोर धरून आतून बघितली तर काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. ट्यूबलाइटखाली ती कधीच दिसली नसती. जुनी लेन्स घेताना दुकानातच मोबाईलची टॉर्च एका बाजूनं मारून दुसरीकडून आत बघा. दुकानदारानं परत घ्यायला नकार दिला. एका कारागिरानं उघडून पुसून दिली, बाराशे रुपये आणि नऊ दिवस.

जाण्याआधी बाभळीजवळच्या बरोबर जागेवर एका मोठ्या दगडाला चुन्याचा पट्टा ओढला.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

लेन्सशिवाय नुसतीच गेले, डोळ्यांनी जागा बघायला. या दिवसांत सूर्य रोज अर्ध्या बिंबाच्या आसपास दक्षिणेकडं सरकतोय. म्हणजे कळसाशी जुळायला मला रोज आणखी पावणेदोन मीटर डावीकडं जायला हवं. बाभळीच्या पुढं एका शेतकऱ्याचं पाण्याच्या मोटारीचं घर आहे, विटांचं. त्याच्या भिंतीआड देऊळच दिसत नाही. भिंत संपते तिथं उसाचा फड, तोही डोक्याच्या वर. म्हणजे ही संधी या हंगामात संपली, असं धरून घरी आले.

संध्याकाळी कॅलेंडर घेऊन बसले आणि लक्षात आलं की संपली नाही. सूर्य २१ डिसेंबरपर्यंत दक्षिणेला जातो आणि मग त्याच वाटेनं परत येतो. २० नोव्हेंबर हा २१ डिसेंबरच्या ३१ दिवस आधीचा. म्हणजे ३१ दिवसांनंतर, २१ जानेवारीला, तो याच कळसामागं यायला हवा, चुना लावलेल्या दगडावरूनच. दोन महिने हातात आहेत. या वेळात बाकी सगळं शिकून घ्यायचं.

३ डिसेंबर, मंगळवार

ढग. फेंगल चक्रीवादळ ३० नोव्हेंबरला पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आलं आणि त्याचं मळभ इथवर पोचलंय. अडतीवर द्राक्षवाले शेतकरी सकाळपासून आकाशाकडं बघतायत. तिकडं त्यांचं वर्षाचं पीक टांगणीला आहे, मला फोटोचं काय बोलायचं.

८ डिसेंबर, रविवार

लेन्स आली. चार दिवसांनी ऊन.

आज प्रतिबिंबासाठी अगदी पाण्याजवळ उतरले. ट्रायपॉडचे पाय आखूड करून कॅमेरा हातभर उंचीवर लावला आणि मी चिखलात बसले. गमबूट होते. तासभर तशीच बसले होते. मासे धरून परत आलेल्या नावाड्यानं होडीतूनच आवाज दिला.

"ताई, हितं कशाला बसलाय? उठा आधी. वर व्हा."

मला वाटलं जागेवरून काही असेल. ते होडी काठाला लावून उतरले आणि हातातल्या वल्ह्यानं चिखलातली खूण दाखवली. मधोमध ओढत नेल्यासारखी एक सरळ रेघ, दोन्ही बाजूंना पंजे. माझ्यापासून पंधरा पावलांवर.

"मगर हाय. थंडीत उनाला वर येतीया. तुमी काळोखात कडंला बसून ऱ्हाता, पाण्याकडं पाठ करून बॅगेत बघत बसता. तिला काय कळतंय, माणूस हाय का शेरडू हाय."

कृष्णेत मगरी आहेत हे इथं सगळ्यांना माहीत आहे, काठावरच्या गावांतून माणसांवर, जनावरांवर हल्ले झालेत. मलाही माहीत होतं. कॅमेरा हातात आला की माहीत असलेलं विसरलं जातं, आणि हे मी ठळक लिहून ठेवतेय. नदीकाठी पहाटे फोटो काढणाऱ्यांनी पाण्यापासून निदान वीस पावलं लांब आणि उंचावर राहायचं, एकट्यानं जायचं नाही, बसायचं नाही, टॉर्चनं काठ आधी बघून घ्यायचा. मी आजपासून वरच्या बांधावरूनच काढतेय. चुन्याचा दगड सुदैवानं वरच आहे. खालच्या जागेवरून आलेलं प्रतिबिंब जास्त भरलेलं होतं, ते सोडून द्यावं लागलं.

या नावाड्यांना सगळे नाना म्हणतात. मीही म्हणायला लागले.

१८ डिसेंबर, बुधवार

दहा अंश. घरातून उबदार कॅमेरा काढला, थंडीत नेला, समोरच्या काचेवर दव धरलं. रुमालानं पुसलं, परत धरलं. पुसलेल्याचे ओरखडे फोटोत. यावर खर्चाचा उपाय मी केला नाही. रात्री झोपताना कॅमेऱ्याची बॅग गच्चीच्या जिन्यात ठेवते, बंद पिशवीत. पहाटेपर्यंत लेन्स बाहेरच्या हवेएवढी गार होते. लांब हूड लावायचा, तोंड खाली करून ठेवायचं. बॅटरी मात्र अंगावरच्या खिशात ठेवायची, गारठ्यात ती लवकर उतरते.

सध्या सूर्य जागेवर खिळल्यासारखा आहे. १५ ते २८ डिसेंबरात तो अर्धं बिंबसुद्धा सरकत नाही. या पंधरवड्यात ज्यांची जागा जुळते त्यांना रोज नवी संधी आहे. माझी जुळत नाही, मध्ये मोटारीचं घर.

२९ डिसेंबर, रविवार, मुंबई

मामेबहिणीच्या लग्नाला आलो. पहाटे कॅमेरा घेऊन अपोलो बंदरावर गेले. ट्रायपॉड घरीच होता, कठड्यावर बॅग ठेवून त्यावर कॅमेरा टेकवला.

इथं सगळं उलटं आहे. मुंबईचं बंदर शहराच्या पूर्वेला. म्हणजे सूर्य बंदराच्या पाण्यावर उगवतो, पलीकडच्या उरणच्या बाजूनं, आणि शहर आपल्या पाठीशी राहतं. शहराच्या माथ्यावर उगवणारा सूर्य बंदरातून मिळतच नाही, तिथून मावळणारा मिळेल. काठावर उभं राहून मिळतात त्या नांगरलेल्या लाँचेस, लांब थांबलेली जहाजं आणि त्यांच्या मागं बिंब. सूर्योदयही सांगलीपेक्षा दहा-बारा मिनिटं उशिरा, ७.११ ला.

मी सांगलीच्या सवयीनं आयएसओ (सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) १०० आणि शटर दोन सेकंद लावून बसले. पाणी रेशमासारखं आलं आणि सगळ्या लाँचेस पुसट झाल्या. बंदराचं पाणी कधी थांबत नाही, नांगरलेली होडीसुद्धा सारखी डुलते, डोलकाठीचं टोक तर हातभर फिरतं. मग आयएसओ १६०० केलं, शटर सेकंदाचा १२५ वा भाग. दाणे दिसले पण होड्या होड्या राहिल्या. २० नोव्हेंबरची नानांची होडी उघडून बघितली, तीही थोडी पुसट होती आणि मी ते लेन्सच्या बुरशीवर ढकललं होतं. तो दोष शटरचा होता.

५ जानेवारी २०२५, रविवार

गळीत हंगाम जोरात. उसाच्या गाड्यांची रांग, कारखान्यांची धुराडी, फडात पेटवलेलं पाचट. सकाळी सात वाजता पूर्वेला तांबूस-राखाडी पट्टा बसलेला असतो. सुरुवातीला मी याच्यावर चिडायचे. आता मत बदललंय.

स्वच्छ हवेत सूर्य तीन अंश वर आला की तो इतका तेजस्वी असतो की त्याला सांभाळलं तर गाव काळंठिक्कर पडतं आणि गावाला सांभाळलं तर सूर्याच्या जागी पांढरं भोक. ब्रॅकेटिंग करून, म्हणजे दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरकानं तीन फोटो घेऊन जोडूनही बघितले. धुकं हलतं, होडी हलते, जोडाच्या कडा दिसतात. धुरकट हवेत तोच सूर्य तांब्याच्या ताटलीसारखा, गोल कड स्पष्ट, आणि एकाच फोटोत घाटाच्या पायऱ्याही मोजता येतात. धूर वाईट आहेच, सकाळी घसा धरतो. पण फोटोसाठी असली हवा असेल तर ती सकाळ सोडू नका.

असा ताटलीसारखा दिसला तरी सूर्याकडं व्ह्यूफाइंडरमधून बघायचं नाही, लेन्स लांबची असेल तर अजिबात नाही. मागच्या पडद्यावर बघूनच काढायचं.

१९ जानेवारी, रविवार

नदी खाली गेली. आठवड्यात तीनेक फूट उतरली असेल. घाटाच्या हिरव्या पायऱ्या उघड्या पडल्या, काठाला चिखल, त्यावर प्लॅस्टिक आणि वाळलेलं केंदाळ. जिथं कळसाचं प्रतिबिंब पडायचं तिथं आता गाळ आहे. दोन दिवसांवर तारीख आलीय. नाना म्हणाले, वरनं पाणी सोडलंय, येईल.

बाभळीची आडवी फांदी शेतमालकाला विचारून छाटली. मोटारीचं घर त्यांचंच. त्यांनी विळा दिला आणि चहाही.

२१ जानेवारी, मंगळवार

पाणी आलंय, पूर्ण नाही पण चिखल झाकला.

चुन्याच्या दगडावर ६.३० पासून उभी. धुकं इतकं दाट की घाट दिसत नव्हता, फक्त पलीकडून घंटा आणि कुणीतरी कपडे आपटत असल्याचा आवाज. ७.१९ ला बिंब अपेक्षित होतं. ७.२४ ला धुक्यात एक लाल डाग उमटला आणि दोन मिनिटांनी शिखर. बिंब कळसाच्या उजवीकडं अर्ध्यानं सरकलेलं.

३१ दिवसांचा हिशोब थोडा चुकला. मुख्य म्हणजे २०२४ मध्ये २१ डिसेंबरची नेमकी घटका दुपारची होती, पहाटेची नव्हे. त्यामुळे दोन्ही बाजूंचे दिवस सारखे मोजून चालत नाही. ॲपमध्ये दोन्ही तारखांची दिशा आकड्यानं ताडून बघितली तर २० नोव्हेंबरची जोडी २२ जानेवारीशी जवळपास जुळते. हे दोन महिने आधी बघता आलं असतं. बोटांवर मोजलं आणि त्यावर विसंबले.

एका अर्थी बरं झालं. आज धुक्यामुळं फोटो तसाही गेला असता.

अडतीवर नवीन हळद यायला लागलीय, सौदे वाढतील. उद्या एक तास उशीर होईल असं मालकांना सांगितलं. त्यांनी विचारलं कशाला, मी सांगितलं. म्हणाले, या सावकाश.

२२ जानेवारी, बुधवार

वेळेप्रमाणे लिहिते.

५.५० पोचलो. भाचा, मी, थर्मासमध्ये चहा. टॉर्चनं काठ बघितला. ट्रायपॉडचं डोकं चुन्याच्या पट्ट्याच्या बरोबर वर, ओळंबा म्हणून दोऱ्याला नट बांधून सोडला. लेन्स २०० वर. फोकस घाटावरच्या दिव्यावर, मॅन्युअल, चिकटपट्टी.

६.३५ ते ६.५० निळ्या वेळेचे अकरा फोटो, दोन-तीन सेकंदांचे. होडी नव्हती म्हणून चाललं. धुकं पातळ, पाण्याला चिकटून, घाटाच्या खालच्या तीन पायऱ्यांपर्यंत. त्याच्या वर सगळं कोरडं आणि स्वच्छ.

६.५५ ला पलीकडं माणसं दिसायला लागली. एक बाई सगळ्यांत खालच्या पायरीवर कळशी घासत होती. दर थोड्या वेळानं ती कळशी तिरकी व्हायची आणि आकाशाचा तांबूस तुकडा तिच्यावर चमकून जायचा. लेन्समधून ते इतकं जवळ होतं की तिच्या कोपराची हालचाल मोजता येत होती. चार फोटो त्याचेच काढले. चौथ्यात चमक आणि कोपर दोन्ही सापडलं.

७.०५ ला सेटिंग बदललं. आयएसओ ४००, लेन्सचं छिद्र एफ ८, शटर सेकंदाचा २५० वा भाग, बिंब आल्यावर लागेल तसं पुढं न्यायचं. पडद्यावर जास्त उजळलेला भाग लुकलुकतो ती सूचना चालू केली.

७.१८ ला पुलाकडून नानांची होडी आली. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं, त्यांची ती रोजचीच वेळ.

७.१९ ला कळसाच्या टोकाभोवती बारीक लाल कड आली. दोन्ही बाजूंना सारखी. अडीच महिने ज्याची वाट बघितली ते सुरू झालं आणि मला पहिल्यांदा पडद्याकडं न बघता समोर बघावंसं वाटलं. भाचा ओरडला, "दाब ना!"

दोन मिनिटांत सव्वीस फोटो. पहिल्या सातांत बिंब फार थोडं. आठव्यापासून चौदाव्यापर्यंत कळस पूर्ण बिंबाच्या आत, कळसाच्या खालची कोरीव पट्टी आणि तिच्यावर बसलेली दोन कबुतरं काळी रेखलेली. अकराव्यात होडी फ्रेममध्ये शिरली, बाराव्यात ती शिखराच्या प्रतिबिंबाच्या जरा डावीकडं, नाना उभे, वल्हं पाण्यातून नुकतं वर आलेलं. शटर तोवर सेकंदाचा ५०० वा भाग झालं होतं, म्हणून वल्ह्यावरून गळणारे थेंबसुद्धा वेगळे आलेत. सतराव्यापासून सूर्य लुकलुकायला लागला, पुढचे निकामी.

बारावा फोटो. हाच.

मोबाईलचा टॉवर मागं उजवीकडं आलाय, बारीक. काढून टाकता येईल. मी ठेवलाय, तो तिथं आहे.

२८ जानेवारी, मंगळवार

१२ बाय १८ इंचांचा प्रिंट काढला, ४८० रुपये. सगळा घाट काळा. संगणकाचा पडदा मी रात्री अंधाऱ्या खोलीत पूर्ण उजेडावर ठेवून काम करते, त्यामुळे फोटो होता त्यापेक्षा उजळ दिसत राहिला. पडद्याचा उजेड निम्म्याच्या खाली आणला, सावल्या पाऊण स्टॉप उचलल्या, आधी पोस्टकार्डाएवढा नमुना मागितला (त्यांनी तो फुकट दिला), मग परत ४८०. दुसऱ्या प्रिंटमध्ये कळशीवाल्या बाई दिसतात. पायऱ्यांच्या डाव्या टोकाला, पाठमोऱ्या.

२ फेब्रुवारी, रविवार

खर्च: मोडका ट्रायपॉड १,१५०, नवा २,८००, लेन्स ८,५००, तिची सफाई १,२००, गमबूट ५५०, टॉर्च ३२०, पेट्रोल सहाशेच्या आसपास, प्रिंट ९६०. एकूण १६,०८०. यातले पहिल्या ट्रायपॉडचे, सफाईचे आणि एका प्रिंटचे मिळून २,८३० वाचले असते. काठावर एकूण सत्तावीस पहाटा गेल्या. त्यातल्या सहा उपयोगाच्या.

नानांना प्रिंट दिला. त्यांनी होडी बघितली, मग बराच वेळ देवळाच्या शिखराकडं बघत राहिले. पुरात पाणी कुठवर होतं ते बोटानं दाखवलं आणि म्हणाले, "ह्यात ते दिसत न्हाई, बरं वाटलं."

ज्यांना हाच फोटो काढायचा असेल त्यांच्यासाठी: दगडावर परवा परत चुना ओढलाय. पावसाळ्यात नदीनं तो हलवला नाही तर २० नोव्हेंबर आणि २२ जानेवारी या तारखांना, सूर्योदयानंतर पंधराव्या मिनिटाला, बिंब त्याच कळसामागं येईल. एक दिवस पुढंमागं झालं तर नोव्हेंबरात दगडापासून दिवसाला पावणेदोन मीटर याप्रमाणं सरकायचं, आधीच्या तारखेला उजवीकडं आणि नंतरच्या तारखेला डावीकडं. जानेवारीत याच्या उलट. बांधावरून जाताना शेतमालकाला विचारा, आणि पाण्याकडं पाठ करू नका.